पायाखालचा पत्रा

जुनी जीप विकत घ्यायला निघालेली माणसं आधी इंजिनाबद्दल विचारतात. मूळचं आहे का, फोर-व्हील लागतं का, गिअर उडतो का. मग बॉनेट, टायर, टपाचं कापड बघून होतं. रबराचं मॅट उचलून खालचा पत्रा बघणारं गिऱ्हाईक क्वचितच भेटतं, आणि गाडी खरी किती शिल्लक आहे हे तिथेच कळतं. इंजिन बोअर करून घेता येतं, गिअरबॉक्सचे भाग शोधले तर सापडतात. फ्लोअर सडलं असेल तर मात्र सीटचे बोल्ट, पेडलांजवळचा पत्रा, बॉडी चासीवर तोलून धरणारी आडवी चॅनेलं, सगळ्यांचा जोर एकदम गेलेला असतो.

लष्कराच्या दप्तरी जीप हा ट्रकच होता, पाव टन भार वाहणारा आणि चारही चाकांना ओढ देणारा. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून असे सहा लाखांहून जास्त ट्रक बनवले. १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत विलीजच्या जीप सुट्या भागांतून जोडायला घेतल्या. पुढे सीजे-३बी हे उंच बॉनेटचं मॉडेल इथे रुजलं. अमेरिकेत ते १९६८ साली थांबलं, आपल्याकडे त्याच्या ठेवणीच्या गाड्या त्यानंतरही कित्येक वर्षं निघत राहिल्या. पाटबंधारे खात्याच्या साहेबांची गाडी, निवडणुकीच्या प्रचाराची गाडी, सातारा-सांगलीकडे माणसं दाटीवाटीनं भरून धावणारं वडाप, ही सगळी त्याच कुळातली. त्यांतल्या कितीतरी गाड्या आज शेडमध्ये किंवा आंब्याखाली उभ्या आहेत, इंजिन धडधाकट आणि तळ गेलेला. मला त्या भंगारात जाताना बघवत नाहीत, कारण त्यांतल्या बऱ्याच वाचवता येण्यासारख्या असतात. पत्र्याचं काम नीट समजून केलं तर.

पत्रा गंजतो म्हणजे लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र येतात, हे शाळेत शिकलेलं असतं. पण मग पावसात उघडं भिजणारं मडगार्ड टिकतं आणि मॅटखाली झाकलेलं फ्लोअर आधी का जातं? याचं उत्तर एका थेंबात बघायला मिळतं. पत्र्याचा तुकडा पॉलिश पेपरनं घासून लख्ख करा, त्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवा आणि काही तासांनी पाहा. थेंबाचा मध्य आणि कड यांच्या दरम्यान तांबूस कडं उमटलेलं दिसेल. कडेला पाण्याचा थर पातळ असतो, तिथे हवेतला प्राणवायू सहज पोचतो. मध्यभागी तो पोचत नाही. प्राणवायूच्या या कमीजास्तपणामुळे एकाच पत्र्यात छोटीशी बॅटरी तयार होते आणि तिच्यात झिजते ती प्राणवायू कमी असलेली जागा. लोखंड मध्यभागातून विरघळून बाहेर येतं आणि वाटेत प्राणवायू भेटला की गंज होऊन बसतं. केंब्रिजचे शास्त्रज्ञ युलिक इव्हान्स यांनी हा प्रयोग नीट मांडून दाखवला, म्हणून त्याला इव्हान्सचा थेंब म्हणतात.

हे एकदा ध्यानात आलं की फ्लोअरच्या साऱ्या खोडी उलगडतात. ओल्या मॅटखालची जागा, दोन पत्रे एकमेकांवर चढलेली सांध्याची फट, चॅनेल आणि फ्लोअर यांच्यामधली बोटभरही नसलेली पोकळी, या सगळ्या थेंबाच्या मध्यासारख्या जागा आहेत. पाणी आत शिरतं, हवा पुरेशी शिरत नाही आणि वाळायला वाव नसतो. उघडं मडगार्ड भिजतं तसं तासाभरात वाळतं. मॅटखालचं फ्लोअर जूनमध्ये भिजलं की दसऱ्यापर्यंत ओलंच असतं. त्यात कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरची खारी हवा. मीठ स्वतः ओल धरून ठेवतं आणि पाण्यातून वीज वाहणं सोपं करतं, त्यामुळे तिथे हीच झीज दुपटीनं जाणवते.

लढाईतल्या जीपमध्ये या शास्त्राला साजेसा एक दोष मुळातच होता. फ्लोअरला खालून बळ देण्यासाठी टोपीच्या आकाराची चॅनेलं स्पॉट वेल्डनं जोडलेली होती आणि त्यांच्या पोकळीत लाकूड ठासलेलं असे. चासीचे बोल्ट आवळताना चॅनेल चेपू नये म्हणून ही सोय. पण लाकूड पाणी पितं आणि सोडत नाही. वरून फ्लोअर, खालून चॅनेल आणि मध्ये कायम ओलं लाकूड. अमेरिका असो, युरोप असो की आपण, या जीप तिथूनच सडलेल्या सापडतात. तीन-चार वर्षांच्या लढाईसाठी बनवलेली गाडी पाऊणशे वर्षं कोणी जपेल हे तेव्हा कोणाच्या मनातही नसणार. याच गाडीत चालकाच्या सीटखाली फ्लोअर खोलगट केलं होतं आणि त्यात पेट्रोलची टाकी बसवली होती. ती खोलगट जागाही पाण्याचं घरच. तिथून पाणी जायला भोकं होती, पण चिखल आणि पानांच्या काडीकचऱ्यानं ती बुजली की संपलं.

म्हणून दुरुस्तीची सुरुवात ग्राइंडरनं करायची नसते. आधी पाणी कुठून येतं आणि कुठे थांबतं ते शोधायचं. काचेच्या फ्रेमखालचं रबर, टपाची शिवण, कावलचा, म्हणजे बॉनेटमागच्या पत्र्याचा, सांधा, बुजलेली भोकं, पेडलांजवळ ओघळणारं ब्रेक ऑइल. ब्रेक ऑइलनं पत्रा थेट गंजत नाही, पण त्यानं रंग सुटतो आणि रंग सुटला की पत्रा उघडा पडतो. पाण्याची वाट तशीच ठेवून नवा पत्रा मारला, तर तीच भोकं त्याच जागी पुन्हा पडतात.

मग तपासणी. मॅट, सीट, टाकी सगळं बाहेर काढून जुन्या स्क्रू ड्रायव्हरनं फ्लोअर टोचत जायचं. चांगल्या पत्र्यावर हातोडी टणकन वाजते, सडलेल्यावर थप्प असा मऊ आवाज येतो. वरून रंग शाबूत आणि टोक आरपार, असं पुष्कळदा होतं. रंगाखाली फोड दिसला तर तो हमखास टोचून पाहायचा. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, प्रकारानुसार दुपटीपासून सहापटीपर्यंत. त्यामुळे सांध्यात साठलेला गंज दोन पत्र्यांना पाचरीसारखा फाकवतो, स्पॉट वेल्ड उखडतो. चॅनेलची कड फ्लोअरपासून सुटलेली दिसली, तर आत काय झालंय ते न कापताही कळतं. खाली झोपून टॉर्च मारून बघणंही तितकंच गरजेचं. वरून हातभर दिसणारं भोक खालून दोन हातांचं असतं.

या टप्प्यावर गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, "मालक, वरून एक पत्रा मारून देतो, परत बघायला नको." यात मिस्त्रीची लबाडी नसते. गिऱ्हाइकाला दोन दिवसांत आणि थोडक्यात काम हवं असतं आणि त्या हिशेबात हेच बसतं. पण सडलेल्या पत्र्यावर ठिगळ म्हणजे पाण्याला बसायला नवी फट करून देणं. जुना गंज आत तसाच राहतो, वर-खाली दोन पत्रे, मध्ये ओल. ठिगळाच्या कडा ज्या पत्र्याला टाके मारून जोडल्या तोच कमजोर असतो, म्हणून टाके धरतात आणि शेजारचा पत्रा फाटतो. काही गाड्यांत मी एकावर एक अशी तीन-तीन ठिगळं उचकटलेली पाहिली आहेत आणि प्रत्येकाखाली भुगा. ॲल्युमिनियमची चेकर्ड प्लेट रिव्हेट करून बसवायची फॅशनही यातलीच. दिसायला ती छान दिसते, पण ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना चिकटून ओलीत राहिले की दोन वेगळ्या धातूंचीही बॅटरी होते, शिवाय प्लेटखाली काय चाललंय ते दिसेनासं होतं. एमसील आणि लांबीनं भोकं बुजवण्याबद्दल तर बोलायलाच नको. लांबी पत्र्याची लहर झाकण्यासाठी असते, वजन पेलण्यासाठी नव्हे.

कापायचं ते चांगला पत्रा लागेपर्यंत, हा नियम सांगायला सोपा आणि पाळायला अवघड. हात आखडतो. बोटभर जास्त कापलं तर बनवायचं काम वाढतं, म्हणून माणूस काठावर थांबतो आणि मग वेल्डिंगची ज्योत लागताच तो काठ वितळून भोक होतं. घासल्यावर पांढरा, एकसारखा, खड्डे नसलेला पत्रा दिसला की तिथून आणखी अंगठाभर आत सरकून रेघ मारावी.

पण सगळं एकदम कापू नये. जीपची बॉडी म्हणजे वरून उघडा डबा. तळ काढला की तिच्या बाजू मोकळ्या होतात आणि ती किंचित पिळवटते. नंतर टप बसत नाही, काचेची फ्रेम तिरकी दिसते आणि कारण सापडत नाही. म्हणून आधी दोन्ही बाजूंना धरून लोखंडी पट्ट्यांचा आधार तात्पुरता वेल्ड करायचा, तिरप्या मापांनी चौकोन तपासायचा, मग एक बाजू कापून पूर्ण करायची आणि तोवर दुसरी मापासाठी तशीच ठेवायची. जीपची एक मोठी सोय म्हणजे बॉडी चासीला बोल्टनं धरलेली असते. ती सोडवून चार माणसांनी उचलली आणि आडवी केली की खालचं काम उभ्यानं करता येतं. आडवी चॅनेलं बदलायची असतील तर नवी चॅनेलं आधी रबराच्या पॅडसकट चासीवर बोल्टनं आवळून ठेवावीत आणि मग बॉडी त्यांच्यावर उतरवून जोडावी. म्हणजे बोल्टची भोकं आपोआप जुळतात. उलट क्रमानं केलं तर नंतर पहार घालून बॉडी ओढत बसावं लागतं.

चॅनेल फ्लोअरला मूळच्या स्पॉट वेल्डनं जोडलेलं असतं. वायर ब्रशनं घासलं की हे वेल्ड वाटाण्याएवढ्या गोल ठशांसारखे दिसू लागतात. प्रत्येक ठशावर ड्रिल मारून वरचाच थर कापायचा, खालच्यात शिरायचं नाही. छिन्नीनं हाणून उपटलं तर वेळ वाचतो आणि शेजारचा चांगला पत्रा वाकतो.

नव्या फ्लोअरसाठी सहसा १८ गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर जाडीचा, योग्य पडतो. चॅनेलसाठी १६ गेज, सुमारे १.६ मिलिमीटर. "जाड मारा, परत सडायला नको" हा आग्रह बऱ्याचदा होतो, पण जाड पत्र्याला वाकवणं कठीण, आणि पातळ जुन्या पत्र्याला तो जोडताना उष्णता नेमकी पातळ बाजूला जाळते. जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या, पत्र्याचा मोहही आवरावा. वेल्डिंगमध्ये त्यावरचं जस्त जळून पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, आणि जस्त जिथे जळलं तिथे पत्रा उघडाच पडतो.

कागदी फर्मा हा या कामातला माझा सर्वांत आवडता भाग. जाड पुठ्ठा कापलेल्या जागेवर धरायचा, कडा बोटानं दाबून ठसा घ्यायचा, कापायचा, पुन्हा धरायचा. पुठ्ठा फुकट जातो, पत्रा जात नाही. फर्म्यावर वाकवायच्या रेघा, बोल्टची भोकं आणि पाणी जायची भोकं आधीच आखून घ्यावीत. मूळ फ्लोअरमध्ये उठावाच्या रेघा असतात. त्या शोभेच्या नाहीत, सपाट पत्र्याला ताठपणा त्यांच्यामुळे येतो. सपाट तुकडा तसाच बसवला तर पाय दिला की तो डबडब वाजतो आणि तसा सतत लवला की कडेचे टाके थकून तडकतात. बीडिंगचं रोलर मशीन नसेल, तर लाकडाच्या दोन ठोकळ्यांत खाच पाडून त्यावर गोल सळई ठेवून हातोडीनं रेघ उठवता येते. तासभर जास्त जातो.

एक गोष्ट विसरली जाते आणि नंतर डोकेदुखी होते. या जीपमध्ये ब्रेकचा मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, फ्लोअरच्या खालच्या अंगाला असतो आणि ऑइल बघण्यासाठी वरून झाकण दिलेलं असतं. गिअरबॉक्सवरचा पत्राही स्क्रूनं सुटणारा असतो. उत्साहात सलग पत्रा मारून ही झाकणं बुजवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. मग ब्रेक ऑइल बघणं नकोसं होतं, आणि नकोसं झालं की बघितलंच जात नाही.

वेल्डिंगच्या आधी दोन गोष्टी. बॅटरी सोडवायची. आणि पेट्रोलची टाकी गाडीतून काढून लांब, दुसऱ्या जागी ठेवायची, कारण ती नेमकी कामाच्या जागी असते. रिकामी आहे म्हणून बिनधास्त राहणं सर्वांत घातक. भरलेल्या टाकीत वाफेला जागा थोडी असते, रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा यांचं पेट घेणारं मिश्रण भरलेलं असतं. फ्लोअरखालून गेलेले ब्रेकचे पाइप आणि वायरिंगही बाजूला घ्यावं आणि पाण्याची बादली, अग्निशामक हाताशी ठेवावं. ठिणगी कुठे पडली ते वेल्डिंगची काच डोळ्यांवर असताना दिसत नाही.

जोड कसा करायचा यावर मिस्त्रींमध्ये मतभेद आहेत. एकावर एक चढवून केलेला सांधा सोपा पडतो, टाके सहज बसतात, पण फट उरते. काठाला काठ भिडवून केलेल्या जोडात फट नसते, त्यासाठी मात्र तुकडा अगदी नेमका कापावा लागतो आणि मध्ये जेमतेम पत्र्याच्या जाडीइतकी मोकळीक ठेवावी लागते. पायाखालच्या उघड्या भागात मी भिडवलेल्या जोडाच्याच बाजूचा आहे. चॅनेलवर जिथे पत्रा चढवावाच लागतो तिथे पंचनं भोकं पाडून भोकांतून वेल्ड भरावा, मूळ स्पॉट वेल्डच्या जवळ जाणारी तीच पद्धत. दोन्ही आतल्या बाजूंना जस्ताचा वेल्डिंगमध्ये चालणारा प्रायमर आधी लावावा, कारण नंतर तिथे ब्रश पोचणार नाही.

मिग वेल्डिंगला ०.८ मिलिमीटरची तार पुरते, हात बसला असेल तर ०.६ आणखी बरी. सलग रेघ कधीही ओढू नये. लोखंड तापलं की फुगतं, निवताना आकसतं, आणि पातळ पत्रा त्या ओढीनं पापडासारखा वाकतो. एक टाका इथे, दुसरा समोरच्या टोकाला, तिसरा मध्ये, असं फिरत राहायचं आणि हात लावण्याइतकं निवेपर्यंत त्या जागी परत जायचं नाही. टाक्यांमधल्या जागा याच क्रमानं भरत गेलं की शेवटी सलग जोड तयार होतो. आपल्याकडचे जुने मिस्त्री गॅस वेल्डिंगनं हे काम सुरेख करतात. गॅसची उष्णता जास्त पसरते, पण वेल्ड मऊ राहतो आणि मागे डॉली धरून हातोडीनं बसवता येतो. ज्याच्या हातात जे बसलंय त्यानं ते करावं, मशीनवरून कोणाला कमी लेखण्यात अर्थ नाही. ग्राइंडिंग मात्र सगळ्यांनीच हलक्या हातानं करावं. वेल्ड सपाट करण्याच्या नादात शेजारचा पत्रा निम्मा झाला, तर तीच पुढच्या भोकाची जागा.

रंगापूर्वी उरलेल्या भागातल्या खड्ड्यांतला बारीक गंज काढावा लागतो. वायर ब्रशनं तो फक्त चकचकीत होतो. फॉस्फरिक ॲसिडच्या द्रावणानं गंजाचं लोहफॉस्फेट होतं, टॅनिनच्या द्रावणानं काळा, घट्ट थर बनतो. हिरड्यातल्या टॅनिननं आणि लोखंडाच्या क्षारानं पूर्वी काळी शाई करत, तोच हा रंग. पण ही द्रावणं पातळ गंजावरची आहेत. पापुद्रे सुटणाऱ्या पत्र्याला ती वाचवू शकत नाहीत, बाटलीवर काहीही लिहिलेलं असो.

त्यानंतर लगेच प्रायमर. रेड ऑक्साइड स्वस्त आहे आणि सवयीचा आहे, पण तो सच्छिद्र असतो, ओल आरपार जाऊ देतो. "रंग दिवाळीनंतर मारू" म्हणून रेड ऑक्साइडवर गाडी पावसाळाभर ठेवली की त्याखाली गंज धरतो. दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी प्रायमर महाग पडतो आणि तळासाठी तोच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. सगळे सांधे सीम सीलरनं भरावेत, वर रंग, खाली लवचीक राहणारा अंडरकोट. नुसतं डांबर थापलं तर ते काही वर्षांत कडक होऊन तडकतं आणि तडकलेल्या थरामागे पाणी अडकून पत्रा आतून खातं. चॅनेलच्या पोकळीत मेणाचा फवारा मारावा आणि दर एक-दोन वर्षांनी पुन्हा मारावा. लढाईतल्या जीपला मूळ रूप द्यायचं म्हणून लाकूड बसवायचं असेल तर ते नीट वाळवून, सगळ्या अंगांनी सील करून बसवावं. पावसाळ्यापूर्वी तळाला जळकं इंजिन ऑइल मारायची पद्धत अजून चालू आहे. त्यानं पत्रा काही काळ टिकतो खरा, पण रबराचे बुश फुगून खराब होतात आणि ते तेल शेवटी पावसाबरोबर विहिरीकडेच जातं.

इतका खटाटोप करण्यापेक्षा तयार बॉडीच का आणू नये, हा प्रश्न रास्त आहे. हरियाणातल्या मंडी डबवालीला जीपच्या नव्या बॉड्या बनतात आणि रोज वापरायच्या गाडीला त्यात काही वाईट नाही. पण जुन्या गाडीच्या बाबतीत विचार करावा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला विंटेज म्हणून वेगळी नोंदणी आणि नंबरात व्हीए ही अक्षरं मिळतात, पण गाडी मूळ रूपात असावी, चासी-बॉडीत मोठे फेरफार केलेले नसावेत, अशी अट आहे. मूळ पत्र्यावरचे कारखान्याचे ठसे, बोल्टच्या जागा, लढाईत कुणीतरी ठोकून सरळ केलेली बाजू, हे सगळं नव्या डब्यात येत नाही. तळाचा चार फूट पत्रा बदलून बाकीची बॉडी वाचत असेल, तर ती वाचवावी असं मला मनापासून वाटतं.

काम झाल्यावर मॅट लगेच टाकू नये. गाडी सपाट जागी उभी करून बादलीभर पाणी फ्लोअरवर ओतावं आणि ते कुठून जातं ते बघावं. जिथे तळं साचेल तिथे, सर्वांत खोल जागी, ड्रिलनं भोक पाडून कडेला प्रायमर लावून रबराचं बूच द्यावं. लढाईतल्या जीपला अशी बुचं होतीच. पावसाळ्यात बूच काढलेलं बरं, ओढा ओलांडतानाच तेवढं लावावं. मॅट घ्यायचं तर फोम किंवा तागाची पाठ नसलेलं, नुसत्या रबराचं घ्यावं, आणि गणपती झाले की ते उचलून उन्हात टाकावं.

पहिल्या पावसाळ्यानंतर टॉर्च घेऊन एकदा खाली झोपावं. सीम सीलर कुठे सुटला असेल तर तिथून तपकिरी ओघळ आलेला दिसतो. त्या वेळी तो खरवडून पुन्हा सील करायला अर्धा तास पुरतो.